जीपला एक जादा पाटा

तीर्थरूप मामांस,

गाडीखालून नमस्कार. पाठीवर पडून लिहितोय, तेव्हा हा साष्टांग नमस्कार उताणा समजून घ्यावा. अंगं सगळी जमिनीला टेकलीत, फक्त बाजू चुकली. मामींचा गुडघा काय म्हणतो? तुमचा खोकला पहाटेचाच आहे की आता दिवसाही येतो? माझी तब्येत उत्तम आहे, डावा अंगठा सोडला तर. त्याची हकिकत पुढे येईलच. (नाही येणार. तो खिडकीत चेपला, गाडीचा काही संबंध नाही. पण अक्षर असं का आलंय हे कळावं म्हणून सांगितलं.)

तुमचं कार्ड मिळालं. तीनच ओळी होत्या, त्यामुळे पुन्हापुन्हा वाचता आल्या. जीप कामाला लागलेली आहे तोवर माझ्याकडे. ज्या आठवड्यात ती दाराशी बसून राहील त्या आठवड्यात तुम्ही येऊन घेऊन जाणार, शेजारच्या वकिलांना ती हवीच आहे. मामा, तुमचं म्हणणं रास्त आहे. छापखाना मी दोन महिन्यांत सोडला, बोटीवरचं काम पाच आठवड्यांत, आणि मधमाश्यांचं तर मी सोडलं की त्यांनी मला सोडलं हे अजून नक्की नाही. पण हे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना रोज वरच्या गावात न्यायचं काम सातव्या महिन्यात आहे आणि मला अजून कंटाळा आलेला नाही. मला स्वतःला याची काळजी वाटून गेली. तेव्हा ती जीप वकिलांना द्यायची नाही, मला हवी आहे, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा. कारण पुढचं वाचताना तसं वाटणार नाही.

तर झालं असं. वरच्या गावाच्या अलीकडे ओढा आहे आणि ओढ्याच्या ऐन मध्यात एक धोंडा आहे. त्याला सगळे ‘दात’ म्हणतात. उन्हाळ्यात तो दिसतो म्हणून लागतो, पाणी आलं की दिसत नाही म्हणून लागतो. आपल्या जीपची डिझेलची टाकी मागे लोंबते, ती रोज त्यावर घासत होती. मागल्या आठवड्यात मंगळवारी घासली नाही, बसली. गाडी दातावर टाकी टेकवून अशी निवांत बसली की मागची चाकं हवेत फिरायला लागली. डॉक्टरीणबाई उतरल्या, औषधांची पेटी डोक्यावर घेतली आणि गुडघाभर पाण्यातून चालत निघाल्या. (त्या उंचीने माझ्या खांद्याला लागतात, त्यामुळे माझ्या गुडघाभर पाणी त्यांच्या कुठवर आलं असेल ते पाहा.) पलीकडे पोचल्यावर वळून म्हणाल्या, ‘‘तुझ्या गाडीला पोट आहे की पिशवी? पुढच्या सोमवारपर्यंत ती वर उचल. नाहीतर मी दूधवाल्याचा ट्रॅक्टर सांगते.’’ त्या माझ्याशी आणि बैलाशी एकाच सुरात बोलतात. बैल ऐकतो.

संध्याकाळी चौघांनी ढकलून गाडी दातावरून उतरवली आणि बुधवारी मी बसने शहरात गेलो. तिथे एका काचेच्या दुकानात फक्त गाड्या उंच करायचं सामान मिळतं, दुसरं काही नाही. भिंतीवरच्या चित्रात एका डोंगरावर एक जीप उभी, आणि तिच्या टपावर एक माणूस हात पसरून उभा. (तो वर कसा चढला याचा मी बराच वेळ विचार केला. शिडी दिसत नव्हती.) दुकानदाराने विचारलं, गाडी हौसेची की रोजची? मी म्हटलं, रोजची. चाळीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आणि डॉक्टरीणबाई दिवसातून चौदा वेळा चढणार आणि चौदा वेळा उतरणार. तो म्हणाला, मग चार इंच घ्या, वट पडते. मी म्हटलं, वट नको, टाकी वाचवायची आहे. मग त्याने चार स्प्रिंगा, चार शॉकअप, एक पिशवीभर नटबोल्ट आणि एक किंमत माझ्यासमोर मांडली. किंमत ऐकून मी पाणी मागितलं. मग आणखी मागितलं. तेवढ्यात जीपच विकत आली असती, आणि हे तुम्हाला लिहायला नको होतं. मी विचार करून येतो म्हणून बाहेर पडलो आणि शेजारी एक म्हातारा घड्याळं दुरुस्त करत होता तिथे उभा राहिलो. मामा, हाताच्या घड्याळात केसाएवढी स्प्रिंग असते आणि ती चाळीस वर्षं टिकते. दोन तास गेले. शेवटची बस गेली ती वेगळी.

गुरुवारी पंक्चरवाला मदतीला आला. त्याला सगळे ‘सोल्युशन’ म्हणतात, कारण तो कशालाही तेच लावतो. त्याचं म्हणणं, पाट्याच्या गाडीला किट कशाला? चाकाच्या दांड्यावर लोखंडी पाट्यांची चळत असते, त्या चळतीखाली ठोकळा सरकवायचा, की गाडी वर. याला काय शाळा लागते? शाळा लागत नाही म्हटलं की मला पटतं. लोखंडी ठोकळे नव्हते, म्हणून घरमालकीणकाकूंच्या जुन्या पलंगाचा एक पाय त्यांना विचारून कापला. (विचारलं होतं. कापून झाल्यावर.) सागवानी पाय, दोन सारखे तुकडे. गाडी झकास उचलली. सोल्युशन चार पावलं मागे गेला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘नवरीसारखी दिसतीय.’’ मी बाजारातून एक चक्कर मारली. तिसऱ्या गतिरोधकावर डावा ठोकळा निसटून भाजीच्या टोपल्यांमधून गडगडत गेला आणि गाडी एका अंगावर अशी कलली, जणू कुणाला तरी रस्ता विचारतेय. एका आजींनी ठोकळा आणून दिला. म्हणाल्या, ‘‘बाळा, तुझ्या पलंगाचा पाय पडला.’’ त्यांना कसं कळलं, मला अजून कळलेलं नाही.

आता लोहारबाबांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि खरं तर तिथेच आधी जायला हवं होतं, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणून ठेवतो. लोहारबाबा सत्तरीचे. गाडीला हात न लावता त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा आहे तिथंच राहील. उचलली जाते ती वरची गाडी. टाकी वर हवी ना?’’ मी म्हटलं, टाकीच. ‘‘मग मागच्या दोन्ही चळतींत एकेक पाटा वाढवू. मोडीतल्या ट्रकचा आहे माझ्याकडे.’’ काचेच्या दुकानदाराने गोळ्याचं मला सांगितलं नव्हतं. मग बाबांनी विचारलं, गाडीत ओझं किती असतं? मामा, इथे मी चुकलो. सात महिन्यांत मला कुणी माझ्या कामाबद्दल इतक्या गंभीरपणे काही विचारलं नव्हतं. मी छाती काढून जनावरांच्या बाजारादिवशीचं ओझं सांगितलं: डॉक्टरीणबाई, त्यांचे दोन मदतनीस, औषधांची पेटी, बर्फाची पेटी, पेंडीची सहा पोती, एक कालवड आणि मागच्या पायरीला लोंबकळणारे तिघे. बाबांनी विचारलं, ‘‘रोज?’’ मी म्हटलं, रोजच धरा. असं आजवर एकदाच झालं होतं. आणि लोहारबाबा असे, की तुम्ही सांगाल तेवढ्याचंच करून देतात. ना रतीभर कमी, ना रतीभर जास्त.

शनिवारी पाटे बसले. रिकामी जीप अशी उभी राहिली की मागून कुणीतरी तिला चिमटा काढलाय. मागचा भाग आभाळात, नाक जमिनीला. हेडलाइटचा उजेड फक्त पुढच्या बंपरपुरता. आत बसलं की आपोआप स्टिअरिंगवर ओणवं व्हायला होतं. चालवून पाहिली तर पाटे ढिम्म हलेनात. रस्त्यावर एखादी काडी पडलेली असली तर ती कोणत्या झाडाची हे मणक्याला कळायचं. मी बाबांना म्हटलं, गाडी कडक आहे. ते म्हणाले, ‘‘गाडी कडक नाही, रिकामी आहे. तू सांगितलेली पोती कुठं आहेत?’’

सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या. चढायला पायरी कमरेच्या वर गेली होती. मी घरून दुधाचा रिकामा क्रेट नेला होता, तो ठेवला. त्या क्रेटवरून चढल्या. पहिल्या तीन किलोमीटरमध्ये त्यांचं डोकं छताला पाचदा लागलं. सहाव्यांदा लागण्याआधीच त्यांनी औषधांच्या पेटीतून बैलाच्या पायाला बांधायची जाड पट्टी काढून फेट्यासारखी डोक्याला गुंडाळली. आम्ही असे उधळत, डोकं बांधून, ओढ्यापर्यंत आलो. मी गाडी थांबवली, गिअर टाकला, डोळे बारीक केले आणि दात शोधला.

दात नव्हता.

म्हणजे होता, पण काठावर. पलीकडे पाच-सहा माणसं हात झटकत उभी होती. आठवडाभर डॉक्टर वर आल्या नाहीत, दोन शेळ्या आजारी, एका गाईचा पाय सुजलेला. शेवटी वैतागून त्यांनी पहारी आणल्या, बैलजोडी जुंपली आणि धोंडा ओढून बाजूला टाकला. अर्ध्या तासात. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही ओढला? एक जण म्हणाला, ‘‘तो वीतभर खालच्या गावाच्या बाजूला होता. आम्हाला वाटायचं खालचे काढतील.’’ खालच्यांना वाटायचं, लागतो वरच्यांना, तर वरचे काढतील. आणि मी रोज त्याच्यावर टाकी घासत जायचो, पण उतरून कुणाला विचारलं नाही. मामा, मी त्या धोंड्याकडे बघत बसलो. आठवडाभराची धडपड त्याच्यासाठी होती आणि तो काठावर ऊन खात पडला होता. पण खरा घाव पुढे आहे. डॉक्टरीणबाईही त्याच्याकडे बघत होत्या, आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘म्हणजे आता कुठलीही गाडी येईल.’’

दात होता म्हणून त्यांना जीप लागत होती. जीप लागत होती म्हणून मी लागत होतो. लोकांनी धोंडा ओढला तेव्हा त्याच दोराला माझी नोकरी बांधलेली होती, आणि मी त्यांचे आभारसुद्धा मानले होते. दिवसभर बाई शेळ्या तपासत होत्या आणि मी पडवीत बसून वकील जीपमध्ये कसे दिसतील याची कल्पना करत होतो. (चांगले दिसतील. तेच वाईट.)

संध्याकाळी मात्र त्या सुजल्या पायाच्या गाईचं वासरूही आजारी निघालं, ते दवाखान्यात न्यायचं ठरलं. वासरू चढवलं. मग दोन शेळ्या. मग शेळ्यांच्या मालकीणबाई, कारण शेळ्या त्यांच्याशिवाय कुठे जात नाहीत. मग त्यांची बहीण, कारण त्या बहिणीशिवाय जात नाहीत. वर दुधाचे सहा कॅन आणि पेंडीची रिकामी पोती. गाडी हळूहळू खाली आली, नाक वर आलं, पाटे एकदा कुरकुरले आणि गप्प झाले. मामा, आम्ही ओढा उतरलो तो पाळण्यातून उतरावं तसा. वासरू उभ्या उभ्या झोपलं. डॉक्टरीणबाईंनी डोक्याची पट्टी सोडली. घाट संपल्यावर म्हणाल्या, ‘‘वर न्यायला मला कुणीही चालेल. खाली जनावर आणायला ही गाडी बरी आहे. पण सकाळी मी रिकाम्या गाडीत पुन्हा बसणार नाही. भरून आण. महिनाभर बघते.’’

तेव्हा पाटा काढून टाक असं म्हणू नका; नोकरी आता त्या पाट्यावरच आहे. प्रश्न फक्त सकाळचा, कारण सकाळी वर न्यायला काहीच नसतं. मंगळवारी वाळूची पोती नेली. वरच्या गावात एक भिंत बांधणं चालू आहे. त्यांना वाटलं मी भेट आणली, त्यांनी मला गुळपाणी दिलं आणि पोती उतरवून घेतली. बुधवारी दगड नेले, ते वळणावर औषधांच्या पेटीशी भांडले. आज गुरुवार, आज गाडीत ओझंच नव्हतं आणि बाईंनी पुन्हा पट्टी बांधली. म्हणून आत्ता गाडीखाली पडून विचार करतोय. बाकी सगळं क्षेम.

मामींना नमस्कार, गुडघ्याला वेगळा.

तुमचा,
भाचा

ता. क. ओझं असं हवं की जे सकाळी आपल्या पायांनी चढेल, वर कुणी उतरवून भिंतीत घालणार नाही आणि वळणावर घरंगळणार नाही. तुम्ही निवृत्त झालात. तुमचं वजन, राग मानू नका, पेंडीच्या दोन पोत्यांएवढं तरी आहे. महिनाभर इथे येऊन राहा. हवा चांगली आहे, खोकल्याला बरी. मामींनाही आणा, दोघं आलात तर दोन्ही बाजूंचे पाटे सारखे दबतील.

ता. क. २. एक अडचण आहे. गाडी माझीच आहे असं मी डॉक्टरीणबाईंना पहिल्या दिवशीच सांगून बसलोय. तुम्ही येणार असं मी त्यांना सांगूनही टाकलंय, तेव्हा त्यांनी विचारलं, मामा काय करायचे? तीस वर्षं बस चालवायचे, असं खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला पुढे बसवलं असतं आणि मला मागे. आणि माझ्या वजनाने पाटा हलणारसुद्धा नाही. म्हणून मी सांगितलं, शिंपी होते. तेव्हा गिअर पडताना आवाज आला तर महिनाभर कृपा करून खिडकीबाहेर बघायचं.

ता. क. ३. छताचं कापड सोमवारी डोकं लागून लागून फाटलंय. मी शिवायला टाकणार होतो, पण बाईंनी ते तुमच्यासाठी राखून ठेवलंय. येताना दाभण आणा.