बरणीवर देखरेख

४ जानेवारी
पाय मुरगळला. वेल्डरला शिडीवर कसं चढायचं असतं ते दाखवत होतो. हा वेल्डर म्हणजे ज्याला सगळे मुका म्हणतात तो. इतक्या वर्षांत 'हो मालक' यापलीकडे बोललेला नाही. पडलो तेव्हाही 'हो मालक' म्हणाला.

डॉक्टर म्हणाला, पाय टेकायचा नाही, घरी बसा. डॉक्टरचं वय माझ्या बुटांएवढं. कारखाना धाकट्या भावाच्या ताब्यात दिला. म्हणजे बुडाला. शटरचा हा धंदा मी एका हातोडीवर उभा केला. धाकटा मऊ आहे. कामगारांना 'जरा बघता का' असं विचारतो. विचारतो! तीन-चार दिवसांत रडत फोन करेल. लिहून ठेवतोय.

५ जानेवारी
फोन नाही. संकोचत असेल.

६ जानेवारी, दुपार
जेवताना हिने केलेलं मोहरीचं लोणचं होतं. मोहरी जरा पुचाट आहे, एवढंच बोललो. ही म्हणाली, मग तुम्हीच घाला. घालतो म्हटलं. फ्लॉवर, गाजर, काकडी, छोटे कांदे, मीठ, व्हिनेगर, फेसलेली मोहरी. यात शास्त्र कसलं? बायकांनी उगाच बाऊ करून ठेवलाय.

संकल्प: लोणचं कारखान्याच्या पद्धतीने घालायचं. आधी प्लॅनिंग, मग कडक देखरेख. कामावर परतेन त्या दिवशी सगळ्यांना एकेक फोड. खातील आणि मनात म्हणतील, मालक तो मालक.

७ जानेवारी
मोहरी फेसली. म्हणजे खलात थोडं थोडं पाणी घालून फेस येईपर्यंत घोटली. ही म्हणाली, तोंड लांब धरा. जन्मभर वेल्डिंगचा धूर खाल्लेल्या माणसाला हे सांगते. वाकून वास घेतला.

बराच वेळ काही दिसत नव्हतं. कॉलेजातून आलेली कन्या म्हणाली, बाबा, रडताय? रडत नव्हतो. तिने फोटो काढला.

संध्याकाळी बरणी भरली. ही म्हणाली, मोहरी आधी कडू लागते, मग आपोआप निवळते. झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर तिच्याकडे बघूसुद्धा नका. हसू आलं. न बघता काम झालेलं मी जगात कुठे पाहिलं नाही.

८ जानेवारी
सकाळी झाकण उघडून चाखलं. कडू. मीठ वाढवलं.
दुपारी पुन्हा. कडू आणि खारट. साखर.
संध्याकाळी कडू, खारट आणि गोड. पाणी घातलं, जोरात ढवळलं. चमचा सकाळपासून तोच. भांडी वाढवायची नाहीत हा माझा नियम.

मधे कारखान्यात सहज फोन केला. धाकटा म्हणाला, सगळं ठीक आहे दादा, तू आराम कर. 'ठीक' म्हणजे लपवतोय. पण माझे कान तिखट. मागे कोणीतरी गात होतं. कोण रे तो? म्हणाला, मुका.

कामावर गाणं! शिस्त संपली. दोन दिवसांत बोलावणं येणार.

१० जानेवारी
शेजारचे रिटायर्ड मास्तर पाय बघायला आले, बिस्किटं बघून थांबले. बरणी उघडून दाखवली. म्हणाले, चमचा कोरडा असावा, आणि उष्टा तर अजिबात नको. आयुष्यभर खडू खाल्लेला माणूस मला लोणचं शिकवणार. तिसऱ्या बिस्किटाला डबा बंद केला.

फोन नाही. बिघडला असेल म्हणून कन्येला माझ्या नंबरवर लावायला सांगितलं. वाजला.

११ जानेवारी
मीच केला. मार्केटच्या गाळ्यांची शटरं वेळेआधी पोचली म्हणे. वेळेआधी! म्हणजे उरकली. माझ्या हाताखालून एकही शटर वेळेआधी गेलेलं नाही, त्याला काम म्हणतात. गिऱ्हाईक खूश होऊन पुढच्या रांगेचं काम देऊन गेलं, असंही धाकटा म्हणाला. बिचाऱ्या गिऱ्हाइकाची दया आली.

मागे हसण्याचा आवाज. एक माणूस नव्हे, सात-आठ. मी असताना तिथे कोणी हसायचं नाही. हसायला काही कारणच नव्हतं.

१३ जानेवारी
लोणच्यावर पांढरी साय धरली! हिच्या लोणच्यावर कधी साय आलेली आठवत नाही. हा माझ्या देखरेखीचा परिणाम. कन्या म्हणाली, बाबा, ही बुरशी आहे. सायन्सला घातल्यापासून तिला सगळीकडे जंतूच दिसतात. दिवसातून पाच वेळा उघडलेल्या बरणीत बुरशीला शिरायला वेळ तरी कधी मिळणार? साय ढवळून आत घातली.

१४ जानेवारी
डॉक्टरने पट्टी काढली. चालून दाखवलं. म्हणाला, उद्यापासून खुशाल कामाला जा.

घरी आलो तर लोणचं कचऱ्यात. मला न विचारता! ही म्हणाली, वासाने मांजर जिना उतरून गेलं, आणखी काय विचारू? मग कपाटामागून एक बरणी काढली. माझ्या उरलेल्या भाज्यांचं, त्याच दिवशी घातलेलं. आज पहिल्यांदा उघडतेय म्हणाली. चाखलं. बरं आहे. म्हणजे भाज्या मी निवडल्या होत्या. रात्री ब्रेडबरोबर थोडं घेतलं. मग पुन्हा थोडं.

संकल्प: उद्या नऊच्या ठोक्याला कारखान्यात. आधी मुक्याचं गाणं बंद.

१५ जानेवारी, सकाळ
बूट घातले. न कळवता जाऊन पकडणार होतो, पण म्हटलं, धाकट्याला आनंदाची बातमी आधी द्यावी. फोन लावला. येतोय म्हणालो.

मागची ठोकाठोक थांबली. एकदम. ग्राइंडर थांबला. गाणं थांबलं. धाकटा म्हणाला, ये की दादा, तुझाच कारखाना आहे. लहानपणी माझी सायकल पाडून आला की त्याचा असा आवाज लागायचा.

  तिकडे सगळेच गप्प. कोणी पाना ठेवला तर तो किती हळू ठेवला, तेही ऐकू आलं.

म्हटलं, अरे, पण पाय अजून जरा ठणकतोय. आणखी आठवडाभर काही येत नाही. तो म्हणाला, काळजी घे रे दादा, अजिबात घाई करू नकोस. मी फोन ठेवायच्या आत एक हातोडी सुरू झाली. मग सगळ्या.

बूट काढले. ही म्हणाली, काय म्हणाले? म्हटलं, माझ्यावाचून अडलंय त्यांचं. पण लोणचं अर्धवट टाकून कसा जाऊ?

 माझी बरणी हिने घासून ओट्यावर पालथी घातली होती.