कपाळावरचा हात

बाझेल, ३ सप्टेंबर

ती. आगाथाताईस,
विसीचा सा. न. वि. वि.

डॉक्टरीण शेररबाईंनी सुचवलेली ती एलएसडी अखेर घेतली. हसू नकोस. या वयात भावाला नशापाणी सुचलं म्हणशील. पण हा कॅन्सर आता सोडत नाही हे कळल्यापासून जी धडकी भरली होती, तिच्यावर दुसरं काही चालेना. बाई दिवसभर उशाशी बसून होत्या. मी डोळ्यांवर पट्टी बांधून पडलो होतो, आणि बाबा आले गं! तोच चीजच्या पाण्याचा आंबूस वास, तोच तंबाखू. कपाळावरून हात फिरवत होते, भुवयांपासून वर केसांकडे. त्यांनी मला घराबाहेर काढल्यापासून मी ज्यांचं नाव टाकलं होतं, त्यांच्यासाठी ढसाढसा रडलो. धडकी गेली ती गेलीच.

आता एकच किडा डोक्यात वळवळतो. ते बाबाच होते, की औषधाने आणलेलं सोंग? बाई म्हणतात, ते ठरवणं त्यांचं काम नाही. आता घरातली तूच तेवढी उरलीस. बाबांनी कधी असा हात फिरवला होता का? खरं सांग. आणि त्यांच्या कबरीला गावाने दिलेली मुदत या शरदात संपते ना? गावाला ती दुसऱ्या कुणासाठी मोकळी करू देऊ नकोस. मला तिथंच, त्यांच्याजवळ ठेवा.

लोभ आहेच, त्यात काटकसर नको.

तुझा,
विसी

फ्ल्यूली, ९ सप्टेंबर

चि. विसीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रागच आला. म्हातारपणी बाबांचं सगळं मी काढलं, वर शिव्या खाल्ल्या, आणि येऊन गेले ते तुझ्याकडे! वा रे न्याय!

काल डोंगरावरून गुरं उतरली. गाईंच्या शिंगांना फुलं, घंटांचा तोच गलका. तू साय चोरायचास आणि पांढऱ्या मिशा घेऊन मलाच विचारायचास, साय कुणी खाल्ली म्हणून. फार आठवण आली रे.

कबरीची मुदत वाढवा म्हणून गावच्या कचेरीत सांगायला निघाले होते, दारातूनच परतले. खरं लिहू नये असंही वाटलं. सुखाने निघालेल्या माणसाला कशाला अडवावं? पण तू विचारलंस, आणि मला खोटं जमेना. सहा वर्षांचा असताना तुला गोवर निघाला होता. डोळ्यांना त्रास नको म्हणून भर दुपारी खिडक्या झाकलेल्या. बाबा हवेत म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस. ते उन्हाळाभर गुरांबरोबर डोंगरावर चीज करायचे; तिथं निरोप धाडला, तर बाबांचं उत्तर आलं, चीज टाकून येता येणार नाही. आई रडकुंडीला आली. मग मीच बाबांचा कोट चढवून तुझ्याजवळ बसले. हात माझा होता, विसी. बाबांनी कधी फिरवलेला मी तरी पाहिला नाही.

आणि दुसऱ्याच्या हाताचं कौतुक करत तू जावास, हे मला सोसवेना. म्हण हवं तर स्वार्थी. भांडायचं तर खुशाल भांड, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
आगाथाताई

बाझेल, १४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्यावर भयंकर चिडलो. जन्मात एकदा बाबा मिळाले होते, तेही तू हिसकावून घेतलेस! मग म्हटलं, आता धडकी परत येणार. वाट बघत बसलो. आलीच नाही! सोंग म्हणावं तर हात खरा. खरं म्हणावं तर बाबा खोटे. हे काय गौडबंगाल, म्हणून शेररबाईंना विचारलं, तर त्या आपल्या नाक पुसत बसल्या.

कबर गावाला खुशाल मोकळी करू दे. पुढच्या महिन्यात बाई पुन्हा औषध देणार होत्या, मी नको म्हटलं. त्यापेक्षा तू ये, ताई. चार दिवस जास्त राहायच्या तयारीनेच ये.

तुझाच,
विसी