मृणालिनीच्या साठीचा इंग्लिश चहा

नॉर्थ यॉर्क,
६ एप्रिल २००९

ती. स्व. सुमेधाताईंच्या चरणी,

नंदकुमारचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो). तुमची शुगर, बाळरावांची कंबर आणि नव्या जावयांची नोकरी हे सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडचं क्षेम आहे असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. एप्रिल उजाडला तरी काल पुन्हा बर्फ पडला. मी तासभर कण्हत कण्हत घरापुढचा ड्राइव्हवे फावड्याने शोव्हल केला आणि आत येऊन मोजे वाळत घालताना लक्षात आलं, की आपल्याकडे येणारं कोणी नाही आणि आपल्यालाही कुठे जायचं नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. तुमच्याकडचा फोन मृणालिनी उचलते. मग मी घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलल्याचं सांगतो, ती 'बरं' म्हणते, मी इथलं तापमान सांगतो, ती तिथलं सांगते आणि संपलं. ती फोनवर यायच्या आधी मागून तुम्हा दोघी बहिणींचं हसणं ऐकू येतं, ती 'हॅलो' म्हणाली की थांबतं. (ईमेल करावी, तर ती सोसायटीतला कुठलासा मुलगा मोठ्यांदा वाचून दाखवतो म्हणे.) पाकिटावरचा पत्ता शेजारच्या इटालियन आजींकडून लिहून घेतला आहे, म्हणजे मृणालिनीला अक्षर ओळखू यायचं नाही. आजींनी 'सातारा' तीनदा खोडलं, पण पोचेल.

तुमच्या गौरांगीच्या लग्नाला म्हणून ती नोव्हेंबरात तिकडे आली. परतीचं तिकीट जानेवारीचं होतं. ते मार्चचं झालं, आणि आता कधी येतेस विचारलं की 'बघू' म्हणते. ताई, पस्तीस वर्षांत मी तिला हजार वेळा 'बघू' म्हटलेलं आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. आमचं भांडण वगैरे काही झालेलं नाही. झालं असतं तर निदान माफी कशाची मागायची ते तरी कळलं असतं.

तेरा जूनला तिला साठ पूर्ण होतात. त्या निमित्ताने तिला बोलवावं, म्हणून मी जाईला व्हँकूवरला फोन केला. आमची लेक म्हणजे थेट इंग्रजीतूनच सुनावते. म्हणाली, बाबा, आईसाठी आफ्टरनून टी करा, माझ्या जन्माआधीपासून तिला जायचंय. मला पत्ताच नाही! चौऱ्याहत्तर साली आम्ही नवे आलो, तेव्हा डाउनटाउनच्या एका हॉटेलाच्या काचेतून तिला चहा पिणाऱ्या बायका दिसल्या होत्या आणि ती थबकली होती. मी म्हणालो होतो, पाण्यात पुडी बुडवायला एवढे पैसे? घरी जाऊन टाक, मीही घेईन. हा मी विनोद केला होता. तो तिला विनोद वाटला नव्हता, हे पस्तीस वर्षांनी लेकीकडून कळलं.

तर हा चहा म्हणजे पांढरा टेबलक्लॉथ, चिनी मातीची किटली आणि एक तीन मजली स्टँड. खाली सँडविचेस, मधे स्कोन (नानकटाईही नाही आणि पावही नाही असा काहीतरी प्रकार), वर केक. मुख्य म्हणजे बाईमाणूस बसलेलं असतं आणि चहा दुसरं कोणीतरी ओतून देतं.

जाईने सांगितलं, बुक करण्याआधी प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन पिऊन या. म्हणून आधी त्याच डाउनटाउनच्या हॉटेलात गेलो. वेट्रेसने चहांची यादी म्हणून अकरा पानांची वही दिली. मी म्हटलं, साधा द्या, दूध घालून उकळलेला. तिने थंड दुधाचं बोटाएवढं भांडं आणून ठेवलं. मी वरच्या मजल्यावरून केकला सुरुवात केली, तर पंगतीत आधी श्रीखंड संपवून वरणभाताची वाट बघणाऱ्याकडे बघावं तशी ती बघत राहिली (खालून वर खायचं असतं म्हणे). काकडीचं सँडविच म्हणजे काकडीच, मीठसुद्धा जपून. आणि अडीच ते चार एवढाच वेळ. अहो, आपली मंडळी साडेतीनला पोचणार आणि चारपर्यंत पार्किंग लॉटमध्येच गप्पा मारत उभी राहणार! पण ते सगळं सोडा. टेबल दोघांचं होतं आणि तिने विचारलं, कोणी येणार आहे का? माझ्या तोंडून 'येतीये' असं निघून गेलं. मग दुसरा कप तसाच पालथा राहिला, ती दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघायची आणि मी दाराकडे बघायचो. दोघांचं बिल देऊन उठलो.

दुसरं ठिकाण ब्रॅम्पटनचा बँक्वेट हॉल. मॅनेजर विक्रम, गोड माणूस. 'अंकलजी, इंग्लिश टी पॅकेज है ना' म्हणाला आणि त्यात पकोडे, डीजे, खुर्च्यांना जांभळे बो आणि नवरानवरीच्या एंट्रीला जमिनीवरून निघणारा धूर असं सगळं आलं. कमीत कमी माणसं चारशे. मी म्हटलं, एवढी माणसं मला आयुष्यात भेटलेली नाहीत. तो म्हणाला, मेरी तरफ से आ जाएँगी. आँटीजी को भी दिखा दो, म्हणाला. मी म्हटलं, गाडी पार्क करतीये. (तिला गाडी येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मीच शिकवली नाही. 'बघू' म्हणालो होतो.)

तिसरं मात्र पटलं. वॉन गावातली वेअरहाउसेस संपली की एक जुनं घर आहे, दोन म्हाताऱ्या बहिणी चालवतात. चोवीस खुर्च्या, एकीसारखी दुसरी नाही. मोठीने वही काढून सगळं नीट विचारलं. अंडं चालतं का, जिलेटीन चालतं का. तेरा जूनला शनिवार येतो आणि तिघे जण शनिवार धरतात, हे सांगितल्यावर तिने 'साबुदाणा' एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं. त्या दोघी सारख्या एकमेकींना टोकत होत्या आणि हसत होत्या. मृणालिनीला इथे बरं वाटेल असं वाटलं.

पण माझं नशीब! गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत मी हे सेक्रेटरी संजयच्या कानात सांगितलं, आणि त्याने ते माइकवरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. चोवीस खुर्च्यांना साठ माणसं 'नक्की येणार' म्हणून गेली. बायकांनी घेरून विचारलं, मृणालिनी कधी येतीये? मी म्हणालो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. इतकं सरळ खोटं मी जन्मात बोललो नव्हतो. आता रोज कोणीतरी फोन करतं आणि मी फ्लाइटची वेळसुद्धा सांगायला लागलो आहे.

असो. बाकी काही मागणं नाही, मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. बाळरावांना नमस्कार, गौरांगीला आशीर्वाद.

तुमचा,
नंदकुमार

ता. क. १ : एक लहानसं काम होतं. त्या बहिणींनी फॉर्म दिला आहे. त्यात उत्सवमूर्तीचा चहा कसा, असं विचारलंय. कडक की हलका, दूध किती, साखर किती. दहा दिवस झाले, तो फॉर्म टेबलावर पडून आहे. माझा चहा सांगता येतो, दीड चमचा, आलं, दोन उकळ्या. तिचा माहीत नाही. ती माझ्यानंतर ओट्याशी उभ्यानेच प्यायची आणि मी पेपरात असायचो. जाईला विचारलं. ती 'यू आर किडिंग, राइट?' म्हणाली आणि सांगितलं नाहीच. तेव्हा तुम्ही सकाळी हळूच बघून कळवा.

ता. क. २ : तिला यातलं काही सांगू नका. सरप्राइज आहे.

ता. क. ३ : पाकीट बंद करून पुन्हा उघडलं. ताई, खरं सांगा, ती येणार आहे का? नसेल तर आडपडदा न ठेवता कळवा. मंडळाला मी माझ्या गुडघ्यांचं सांगेन आणि मीच साताऱ्याला येईन. पण दारात बॅग ठेवून पुन्हा तिलाच 'चहा टाक' म्हणणारा माणूस म्हणून मला यायचं नाही. त्या दिवशी तिला बसवून मी करणार आहे. तेवढं साखरेचं आधी कळवा.