चोरून बघायला कोण आलं?

पिंगळी,
ता. ४ डिसेंबर

ती. सौ. राजेश्री मावशीस,
ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून चमकू नकोस. माझा मोबाईल आईनं कपाटात ठेवला आहे. मोबाईलच्या उजेडानं चेहरा काळवंडतो, असं तिला एका व्हिडिओत कळलं, आणि तो व्हिडिओ तिनं मोबाईलवरच पाहिला. तुझं उत्तर माझी मैत्रीण भक्ती हिच्या पत्त्यावर पाठव.

तू आणलेलं सेलूचं स्थळ भलतंच अंगाशी आलं आहे. मुलाच्या आईनं फोटो बघून निरोप दिला ना, की मुलगी बरी आहे, पण रंग जरा उजळला तर संक्रांतीनंतर बघायला येऊ. तेव्हापासून आई हात धुऊन माझ्या मागे लागली आहे. सकाळी साय, दुपारी मसुराचं पीठ, झोपताना संत्र्याची साल. माझ्या गालावर स्वतःची साय बघून म्हैसही बिथरते. परभणीच्या फोटोवाल्याकडून दुसरा फोटो काढून आणला, तर त्यानं चेहरा गोरा केला आणि कान विसरला. कान माझे, चेहरा कुणाचा कोण जाणे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण तिनं माझं पळणं बंद केलं आहे. वीस जानेवारीला पोलीस भरतीचं मैदान आहे, आठशे मीटर पळायचं आहे, आणि मी घरात तोंडाला पीठ लावून बसले आहे. उन्हानं रंग जातो, थंडीनं गाल उलतात, पळून पिंढऱ्या जाड होतात, असं तिचं म्हणणं. पप्पांना सांगितलं, तर हे बायकांचं खातं आहे म्हणाले आणि शेताकडे निघून गेले. मावशी, ही भरती हुकली तर पुढची कधी निघेल देव जाणे. मला खरंच रडू येतं. काहीतरी कर.

तुझ्या मायेवर आणि लबाडीवर माझा सारखाच भरवसा आहे.

तुझी,
ऋतिका (निदान कानांपुरती तरी)


वालूर,
ता. ९ डिसेंबर

चि. ऋतिकास मावशीचे अ. उ. आ.

तुझ्या आईलाही आजच एक वेगळं पत्र टाकलं आहे. ते आलं की चेहरा गंभीर ठेव. आई सांगेल ते मुकाट्यानं ऐक आणि बूट पुसून ठेव.

सेलूच्या त्या मुलाला, योगीराजला, मी परवा तिथल्या बाजारात बघितलं. खताच्या दुकानात बसतो. आधी पोट दिसतं, मग गल्ला, मग तो. केसही बरेच मागे सरकलेत. त्याला कुणी साय लावायला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

आशीर्वाद आहेतच, खोडी काढायची वेळ आली की जरा जास्तच.

मावशी


वालूर,
ता. ९ डिसेंबर

ती. सौ. अक्कास,
राजेश्रीचा सा. न. वि. वि.

तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि गोष्ट नाजूक आहे, म्हणून लिहिते. सेलूच्या लोकांचा फोटोवर विश्वास राहिलेला नाही. आपल्याकडे पूर्वी आडावर, नाहीतर कुणाच्या लग्नात मुलगी चोरून बघून जायचे, तसं ते करणार आहेत. बाई येणार की बुवा, ते कळलं नाही. एवढंच कळलं, की सकाळच्या गाडीनं पिंगळीला उतरणार आणि स्टेशनजवळच्या शाळेच्या मैदानावरून गावात येणार.

तेव्हा ऋतिका रोज उजाडता त्या मैदानावर दिसली पाहिजे. नुसती उभी राहिली तर मुद्दाम उभी केल्यासारखं वाटेल. पळू दे. पळणारी मुलगी निरोगी दिसते, शिवाय गालावर लाली येते. ते कधी येतील त्याचा नेम नाही, म्हणून एकही दिवस चुकवू देऊ नकोस.

दाजींना नमस्कार. मी काहीही केलं तरी माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
राजेश्री


पिंगळी,
ता. २८ डिसेंबर

ती. सौ. मावशीस,
ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

तू धन्य आहेस! ज्या आईनं माझं पळणं बंद केलं, तीच आता मला अंधारात उठवते आणि भिजवलेले हरभरे खाऊ घालते. कुणी बघितलं तर दम लागलेला दिसू नये म्हणून! वर पावडरचा थर. पहिल्या फेरीला मी गोरी असते, तिसऱ्या फेरीला मी असते.

गावात मात्र गोंधळ उडाला आहे. दिसेल तो अनोळखी माणूस आईला सेलूचा वाटतो. ब्लँकेटवाल्याला चहा मिळाला. मीटर बघायला आलेल्या माणसाला पोहे मिळाले, तर त्या बिचाऱ्यानं घाबरून मीटर पुन्हा तपासलं. परवा तर स्टेशनवर उतरलेल्या सरजाबाई नावाच्या म्हातारीला आग्रहानं घरी आणलं आणि स्वतः केलेली पुरणपोळी माझी म्हणून वाढली. म्हातारी पोटभर जेवली आणि मग म्हणाली, की माय, म्या तं बोरं इकायला आलेय, किती घालू. आईनं लाजेकाजेस्तव सगळी टोपली घेतली. आम्ही अजून बोरंच खातोय.

पण मला आता भीती वाटते. आई रोज विचारते, आज कुणी दिसलं का. मी नाही म्हटलं की तिचं तोंड उतरतं. तिला हे कळलं तर माझी भरती तर जाईलच, पण तिच्याकडे बघायची माझी हिंमत होणार नाही.

तुझ्या पदराआड जागा ठेव, लागेल असं दिसतं.

तुझी,
ऋतिका


पिंगळी,
ता. ६ जानेवारी

चि. सौ. राजेश्री हीस अक्काचे अ. उ. आ.

फोन केला असता तर तुला आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग रडले असते, म्हणून लिहायला बसले.

परवा मीच गेले. पोरगी रोज जाते, अजून निरोप कसा नाही, बघावं तरी कोण येतंय, असं मनात आलं. यांचा मफलर तोंडाला गुंडाळला, अंगावर रग घेतला आणि शाळेच्या भिंतीआड बसले. गाडी आली. दोन-चार माणसं उतरली आणि आपापल्या वाटेनं गेली. मैदानाकडे कुणी मानसुद्धा वळवली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू लहानपणापासून अशीच! ऋतिकाला हाताला धरून घरी न्यावं म्हणून मी उठले.

तेवढ्यात ती माझ्यासमोरून पळत गेली. मला ओळखलंही नाही. पावडर घामानं वाहून गेलेली, वेणी सुटलेली, तोंड तापलेलं. भरतीची पोरं तिच्या मागे होती. राजेश्री, एवढे दिवस ते तोंड मी चोळते आहे, पण धड बघितलं नव्हतं गं. मी खाली बसले ती तिचं पळणं संपेपर्यंत उठलेच नाही.

तुला आठवणार नाही, तू तेव्हा लहान होतीस. मला बघायला आलेल्या एका बाईनं माझी वेणी सोडून केस खरे आहेत का ते बघितलं. मग बोट ओलं करून माझ्या गालावरची पावडर पुसून बघितली, आणि काळी म्हणून नकार देऊन गेली. ते बोट मला अजून गालावर जाणवतं. माझ्या लेकीच्या गालाला कुणाचं बोट लागू नये, म्हणून मीच आधी घासत बसले. मला दुसरं काही सुचलंच नाही.

ऋतिकाला यातलं काही कळवू नकोस. मला अजून पत्ता लागलेला नाही असंच तिला वाटू दे, थोडी खोडी मलाही काढू दे. वीस तारखेला मी तिच्याबरोबर परभणीला मैदानावर जाणार आहे. तुझा हिशोब मी तिळगुळाला आलीस की चुकता करीन. माया आहे म्हणून एवढ्यावर सोडते.

आणि सेलूच्या बाईंना तेवढं कळव. म्हणावं, मुलगी चोरून बघून झाली. रंग होता तोच आहे. मुलगी आम्हाला पसंत आहे, आता तुम्ही येऊ नका.

तुझी,
मालनअक्का