दोनदा वजा केलेली जमीन

३ फेब्रु., मंगळ.
आई वही चाळते. म्हणून मयूरी आजपासून नुसती म.
म. चा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट: अंटार्क्टिकाचं बर्फ किती घटलं. दोन उपग्रह एकामागे एक फिरतात. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो, मधलं अंतर जरासं वाढतं. केसाहून बारीक फरक. त्यावरून महिन्या-महिन्याचं बर्फ काढायचं. अंबरनाथला चहा पिताना सांगत होती. मी तिच्याकडेच बघत होतो. म्हटलं, गणित मी करून देतो.
"तू? फिजिक्स अर्धवट टाकून जीन्स कापतोस तो?"
हसली. पण पेनड्राइव्ह दिला.

६ फेब्रु., शुक्र.
कारखान्याला सुट्टी. सोनिवलीत घरी, दिवसभर लॅपटॉप. एक भानगड आहे. पूर्वी बर्फ फार जाड होतं, ते ओझं गेलं तशी खालची जमीन अजून वर येतेय, माणूस उठल्यावर गादी येते तशी. उपग्रहाला खडक आणि बर्फ वेगळं कळत नाही. म्हणून जमिनीचा वाटा वजा करायचा. केला. रेघ धाडकन खाली. एवढं पाणी समुद्रात म्हणजे आपल्या खाड्या...
आईने जेवायला तीनदा हाक मारली.

१० फेब्रु., मंगळ.
म. चा फोन. "रेघेचा उतार फारच येतोय रे. बाकीच्यांचा एवढा नाही."
भडकलो. "भरवसा नसेल तर तुझ्या गाईड सरांकडून करून घे!"
म्हणाली, "आहे भरवसा." तोच आकडा लिहून तिने प्रोजेक्ट सरांना दिला.
आहे भरवसा. आहे भरवसा.

१२ फेब्रु., गुरु.
कॅम्प तीनला, कारखान्यात, राडा. कापड धुतलं की आखडतं, म्हणून कापताना तेवढं वाढवून घ्यायचं. आजचा पॅटर्न आधीच वाढवलेला होता, मी परत वाढवला. एकावर एक रचलेल्या कापडाचा अख्खा थर वाया.
मास्टर म्हणाले, "ए कॉलेज, ये पैंट है या तंबू? पहले से डाला है क्या, पूछने का ना!"
उलट बोलणार, तेवढ्यात म. चा उतार आठवला.
घरी येऊन पेनड्राइव्ह लावला. आकड्यांसोबत एक माहितीची फाईल होती, मी उघडलीच नव्हती. दुसऱ्याच ओळीत: जमिनीचा वाटा आधीच वजा केलेला आहे.

१३ फेब्रु., शुक्र.
म. ला सांगितलं. वाटलं, ओरडेल. चहाचा ग्लास फिरवत बसली.
"सोमवारी व्हायवा आहे."
"दुरुस्त करून आणलंय. बघ, बर्फ घटतंच आहे, फक्त उतार कमी. तशी चूक मोठी नाही."
"मोठीच आहे. जास्त सांगितलं ना, की लोक खरं असतं तेवढंही सोडून देतात." मग म्हणाली, "आकडा माझा मी परत काढेन. पण सरांना चूक कुणाची सांगू?"
"सांग, मित्राने केली."
"तू येऊन सांग."
सर म्हणजे तेच, ज्यांच्या टेबलावर जर्नल आपटून मी कॉलेज सोडलं. तिला माहितीये. तरी म्हणाली.

१६ फेब्रु., सोम.
सकाळ. कॉलेजच्या गेटजवळच्या बाकड्यावर लिहितोय. म. मघाशीच आत गेली. मला बघितलं, थांबली नाही. फाईल छातीशी धरलेली.
वॉचमनकाका: "आयकार्ड?"
नाही.
"स्टुडंट आहेस का?"
होतो.
"मग काम काय?"
"सरांना एक चूक सांगायचीय."
"कुणाची?"
"माझी."
काकांनी फोन लावला, माझं नाव सांगितलं, आडनावासकट. "हो सर... हो, तोच आहे म्हणतोय सर..."
फोन अजून कानाला आहे. मधूनच माझ्याकडे बघतात, आणि आता हाताने आत जा म्हणतायत. वही मिटतो.