तुझ्या ताईची गाडी सकाळी का थरथरते

चि. तोमिको हिला असाहिकावाहून इवाओभाऊजींचे अनेक आशीर्वाद.

इथे पारा उणे बावीसवर आहे, माझा गुडघा त्याच्याही खाली, बाकी मी धडधाकट. तुझी पाठ काय म्हणते? तिकडे तुमच्या योइची गावाला थंडी जरा कमी असेल, पण तुमच्याकडचा समुद्राचा वारा बोचरा, तेव्हा बागेत उगाच उभी राहत जाऊ नकोस. यंदा तुझी सफरचंदं आली नाहीत. (तक्रार नाही, आपली नोंद करतोय.) ताई गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी, विधीनंतर, तिच्या वस्तू आठवण म्हणून वाटताना तू तिची छोटी पांढरी गाडी मागितलीस आणि मी फटकन नाही म्हणून तुझ्या हातात किमोनोचे दोन पट्टे आणि एक छत्री ठेवली, त्याचा राग असणार. असायलाच हवा. त्याच गाडीबद्दल लिहायला बसलोय.

गाडी आजारी आहे. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन सुरू होतं, पण हुडहुडी भरल्यासारखं थरथरतं, आरसा हलतो, मधेच आचके देतं. जरा ऊब आली की शहाण्यासारखं चालू लागतं, जसं काही झालंच नव्हतं. त्यात कोहेई (तुझा भाचा, सप्पोरोत बसून बापाला वळण लावतो) म्हणतो की अठ्ठावीस तारखेला गाडीच्या तपासणीची मुदत संपतेय, हा असला खटारा पास व्हायचा नाही, बाबा, मी त्याआधीच्या रविवारी भंगारवाल्याला घेऊन येतो. भंगार म्हणे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी त्याला सांगितलं, आधी नीट करून दाखवतो, मग तोंड उघड.

पहिल्यांदा शेजारचे उमेनो आले. रेल्वेत चाळीस वर्षं इंजिनं सांभाळलेला माणूस. त्यांनी झाडूचा बांबू इंजिनाला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं, डोळे मिटले आणि पाच मिनिटांनी निदान केलं: व्हॉल्व्ह. मग आत येऊन चहा पिता पिता त्याच बांबूने आमचा फ्रीज ऐकला. त्याचाही व्हॉल्व्ह निघाला.

शेवटी गॅरेजवाल्या तोगाशींना फोन केला. ताईची गाडी नेहमी तेच बघायचे. ते म्हणाले, दुखणं गाडी गार असतानाचं आहे, तेव्हा मी सकाळी सातला घरीच येतो, तोवर गाडीला हात लावू नका. आता तूच सांग, एवढ्या थंडीत माणूस आपल्या दारी येणार आणि त्याच्यापुढे बर्फाचा गोळा ठेवायचा? आपल्यात चालतं का असं? मी साडेसहालाच सुरू करून छान उबदार करून ठेवली. तोगाशींनी ऐकलं, उत्तम चालतेय म्हणाले, चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. (त्या दिवशी फक्त आतली काच निवळावी एवढीच तापवली होती, पण नेमकी तेवढी पुरली.) तिसऱ्या दिवशी मी सहाला दार उघडतो तर हा गृहस्थ बर्फात गाडीसमोर पहाऱ्याला उभा.

त्यांनी प्लग काढले. चुलीतून काढल्यासारखे काळे. ऑइलची पट्टी हुंगून मला दिली, तिला पेट्रोलचा वास. मग गाडीच्या दारावर चिकटवलेली चिठ्ठी वाचली, सप्टेंबरात ताईने ऑइल बदललं तेव्हाची, आणि समोरचा किलोमीटरचा आकडा बघितला. दोन्हींत अंतर अकरा किलोमीटर. अकरा, तोमिको. दवाखान्यापर्यंत ती स्वतः चालवत गेली होती, परत कोहेईने आणली.

तोगाशींनी हळूच विचारलं, गाडी चालवतं कोण? म्हटलं, कोणी नाही. मी तर तीन वर्षांपूर्वीच, टपालपेटीला धडक दिल्यावर, लायसन्स पोलिसांत जमा केलं. (त्यांनी इतके मनापासून आभार मानले की मला वाईट वाटलं.) मग सुरू का करता? सांगितलं, सकाळी देव्हाऱ्यात तिच्या फोटोपुढे भात ठेवतो, घंटी वाजवतो आणि बाहेर येऊन तिची गाडी गरम करतो. एकतीस हिवाळे केलं. शाळेच्या स्वयंपाकघरात पोचायची घाई असायची तिला, गार गाडीत बसायला लागू नये. दहा मिनिटं झाली की बंद करतो.

तोगाशींनी चहाचा तिसरा कप मागून घेतला आणि कपाकडे बघतच बोलले. इंजिनात दोष नाही. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं. पुरतं तापायच्या आत रोज बंद केलं की काजळी प्लगवर बसते आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. नवे प्लग घालतो, ऑइल बदलतो, तपासणीत बिनघोर पास होईल. पण उभ्या उभ्या गरम करणं थांबवा, तिला लांब न्या.

म्हणजे दुखणं मीच लावलं. रोज, इतक्या मायेने. ते गेल्यावर मी ओट्याशी उभा राहून रडलो. म्हातारपणी कसली लाज.

घरातले बाकीचे सगळे, म्हणजे मी, ठीक आहोत. पाठीला शेक घेत जा.

तुझा,
इवाओभाऊजी

ता. क. प्लग बसले, तपासणी झाली, गाडी तुझ्या नावावर करायच्या कागदांवर माझा शिक्का मारून ठेवलाय. कोहेई येतोय त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ये. रेल्वेचं तिकीट एकाच बाजूचं काढ. योइचीपर्यंत दोनशे किलोमीटर भरतील, तोगाशी म्हणाले, हेच औषध.

ता. क. आणखी एक. तेव्हा नाही म्हटलं ते तुला नव्हतं. गाडी गेली की सकाळी दाराबाहेर पडायला मला काही काम उरत नाही, तेवढंच.

ता. क. हे शेवटचं. ड्रायव्हरच्या सीटवर मी अजून बसलेलो नाही, शेजारून हात लांब करून किल्ली फिरवतो. कोहेईने सरकवली होती ती सीट, मी परत ताईच्या मापाला आणून ठेवलीय. तुमची उंची सारखीच, तेव्हा तुला जमेल. नाहीच जमलं, तर कोपऱ्यावरून वळल्यावर सरकव.