कॅसेटमधली रिकामी ओळ

दादा, तुमच्या हळदीच्या गाण्यांच्या कॅसेटसाठी परवा एक मुलगा माझी सही घेऊन गेला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत आहे, बोलायला गोड. आठही गाणी आता मोबाईलवर येणार. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, टेपरेकॉर्डर भंगारात गेले, पण भोर-वेल्ह्यात हळद लागली आणि तुमचा आवाज आला नाही असं अजून होत नाही. लेक म्हणून मी ही फुशारकी मारणारच. सही मी आनंदाने केली. फक्त त्या मुलाने एक प्रश्न विचारला, आणि त्याला मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला सांगायचं आहे.

त्याने विचारलं ते शेवटच्या गाण्याबद्दल. बाप सासरी निघालेल्या लेकीला विचारतो, काय देऊ तुला, आणि पुढे चार ठेके नुसती ढोलकी वाजते. स्टुडिओतला तो दिवस मला लख्ख आठवतो. कापूरहोळच्या गॅरेजात ट्रकखाली पडून काम करणारे तुम्ही, नखांतलं ग्रीस रॉकेलने घासून आला होतात. तुमची पाच जणांची पार्टी आणि भाकऱ्यांचं गाठोडं सांभाळायला वीस वर्षांची मी. सात गाणी सरळ झाली. आठव्यात तुम्ही प्रश्न म्हटलात आणि सवयीने थांबलात. काचेपलीकडचा माणूस आत आला. "पुढची ओळ कुठाय?" तुम्ही म्हणालात, "ती बायका म्हणत्यात." "इथं बायका कुठायत?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी गाठोड्याची गाठ चाचपत राहिले. आपल्याकडे मांडवातल्या बायका त्या त्या वेळी सुचेल ते उत्तर देतात, तुम्ही ते कधी बांधलंच नव्हतं. बाहेर पुढची पार्टी खोळंबलेली. तो माणूस हसत म्हणाला, "अर्धंच गाणं घेऊन आलात की," आणि ते तसंच कॅसेटवर गेलं.

ते हसू तुमच्या जिव्हारी लागलं. लोक वाहवा करायचे आणि तुम्ही म्हणायचात, "सात गाणी हायेत. आठवं ऱ्हायलं." घरात मी एकदा ते लावलं तर ताटावरून उठून बटण बंद केलंत. म्हणालात, "बापानं इचारायचं आन् त्याच्याकडं द्यायला कायच नसावं, व्हय?" माझ्या हळदीला आपल्या विहारासमोरच्या अंगणात तुम्ही घसा बसेपर्यंत गायलात, पण ते एक गाणं म्हटलं नाहीत. मला राग आला होता, दादा. साऱ्या तालुक्याच्या लेकींना विचारलंत आणि मलाच तेवढं विचारलं नाही, असं मी कितीतरी वर्षं मनात धरून बसले होते.

मग तुमचं ते शेवटचं आजारपण. भर दुपार, मी माहेरच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलेय. तुम्ही भिंतीला धरत आत येता, टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवता, कोरी कॅसेट घालून रेकॉर्डिंगचं बटण दाबता आणि म्हणता, "गप बस आता, आवाज करू नगंस." आणि गाता. प्रश्न, आणि लगेच ती ओळ. मधे एकदा खोकला येतो, तुम्ही थांबता, पुन्हा पहिल्यापासून म्हणता. बटण बंद करून माझ्याकडे बघता. "झालं पुरं. ही कॅसेट स्टुडिओवाल्याला नेऊन दे." मी तांदळाच्या ताटात मान घालून म्हणते, "देते."

नाही दिली. तुम्हाला राग येईल, पण माझं ऐकून घ्या. तुम्ही ज्याला चूक म्हणालात, त्याच्यावरच ते गाणं टिकलंय. गेल्या महिन्यात हिर्डोशीला एका हळदीत होते. स्पीकरवर तुम्ही विचारलंत, काय देऊ तुला, आणि एक म्हातारी हळदीचे हात वर करून ओरडली, "माह्याराला यायला येष्टी दे!" सगळा मांडव हसला, पण नवरीचे डोळे भरले. आंबवड्याला एक मुलगी म्हणाली, "सातबाऱ्यावर नाव दे," आणि तिचा बाप खाली बघायला लागला. दादा, एवढं धाडस त्या बायका एरवी कुठं करतात? तुमचं उत्तर तिथं बसवलं असतं तर सगळ्या गप ऐकत बसल्या असत्या. स्टुडिओतला तो माणूस हसला, ते त्याला कळलं नाही म्हणून. तुम्ही अर्धं गाणं केलंच नव्हतं. हे मी कुणाही शहाण्यासमोर ठासून सांगेन.

कंपनीच्या त्या मुलाला ती जागा भरायची होती. दुसरा कुणी गायक घेऊ म्हणाला. मी म्हटलं, ढोलकीला हात लावलास तर सही मिळणार नाही. तेव्हा त्याने विचारलं, "दादांचंच कधी रेकॉर्ड झालं होतं का हो, घरी वगैरे?" मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं, "नाही. त्यांनी ती ओळ कधी केलीच नाही."

खोटं बोलले. आणि बायकांसाठी बोलले असं वर एवढं लिहिलं, तेही सगळं खरं नाही. कॅसेट माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. त्या दुपारी तुम्ही गाणं पुरं करत नव्हतात, तुम्ही मला विचारत होतात आणि देतही होतात. माझ्या हळदीला राहिलेलं मला तेव्हा मिळालं, आणि ते मला कुणालाही द्यायचं नाही.